पाणी दारात आलंच नाही, मग बीपी का वाढला?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत असतं. कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास. मारुती चौकात आणि हरभट रोडवर होड्या फिरल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून ४० चा आकडा कानावर पडला तरी गावातल्या निम्म्या घरांत रात्रीचे दिवे सुरू राहतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या घरात दोन्ही वेळा पाणी शिरलं होतं. गेल्या पावसाळ्यात मात्र ते गल्लीच्या तोंडापर्यंतही आलं नाही. तरी सप्टेंबरमध्ये त्यांचा बीपी वाढलेला निघाला, साखर वाढली, डोकेदुखी जाईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता सांगितलं, "ताण घेऊ नका." मी बारावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून काकूंनी मला गाठलं. म्हणाल्या, "सर, पाणी तर आलंच नाही. मग माझ्या अंगाला कुणी सांगितलं?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल.

अंगाला कुणी सांगितलं?

मेंदूत दोन्ही बाजूंना, आतल्या अंगाला, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. हा मेंदूचा राखणदार. समोर आलेल्या गोष्टीत धोका आहे का, एवढंच तो बघतो, आणि पूर्ण खात्री होईपर्यंत थांबत नाही. चुकून दहा वेळा हाकाटी केली तरी चालेल, पण खऱ्या संकटात एकदाही गप्प राहायचं नाही, असा त्याचा खाक्या. २०१९ च्या त्या रात्री भोवती जे जे होतं ते सगळं त्यानं धोक्याच्या खात्यात लिहून ठेवलंय. पत्र्यावरचा पाऊस, रिक्षावरच्या लाऊडस्पीकरची सूचना, ओल्या भिंतीचा वास. आता मोबाईलवर '४१ फूट' एवढं वाचलं तरी तो जुनं पान उघडतो. पाणी दारात आहे की नुसतं मनात, हा फरक त्याच्या लेखी फार मोठा नाही.

राखणदारानं हाक दिली की पुढचं काम विजेच्या वेगानं होतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे नीट मांडलं. संकटात प्राण्याचं शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, आणि त्या घटकेला ज्याची गरज नाही ते काम बंद ठेवतं.

आपल्या भाषेनं मात्र ही सगळी यादी शास्त्राच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे. तोंडाला कोरड पडते, कारण पचनाचं काम थांबल्यामुळे लाळ कमी होते. पोटात गोळा येतो, कारण पोटातलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं आणि आतड्यांची हालचाल बिघडते. हातपाय गार पडतात, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला चिमुकला स्नायू आवळला जातो. मांजर अंग फुलवून मोठं दिसतं, ती हीच यंत्रणा. छाती धडधडते, कारण हृदयाला जास्त रक्त ढकलायचं असतं. आपण ज्याला वाक्प्रचार म्हणतो ती शरीराची अचूक नोंद आहे. म्हणूनच कुणी 'पोटात गोळा आला' म्हणालं, तर 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं उत्तर देणं चुकीचं. खेळ मनात सुरू झाला असेल, पण आतड्यात जे होतं ते खरंच होत असतं.

इथं एक भाषेचीच गोष्ट. आपण टेन्शन 'घेतो', म्हणून 'घेऊ नकोस' हा सल्ला सोपा वाटतो. ताण मात्र 'येतो'. शरीराच्या बाजूनं पाहिलं तर हे दुसरं क्रियापद खरं आहे. अमिग्डालानं हाक देण्याआधी आपली परवानगी कुणी मागितलेली नसते.

एक पाणी नाल्याचं, एक धरणाचं

ताणाच्या वेळी शरीरात प्रामुख्यानं दोन रसायनं सुटतात. त्यांचा फरक सांगलीकराला समजावून सांगायला वेळ लागत नाही.

वळवाचा पाऊस झाला की शहरातले ओढे-नाले दहा मिनिटांत रस्त्यावर येतात आणि तासाभरात ओसरतात. ॲड्रेनलिनचं तसंच आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी ते काही क्षणांत रक्तात सोडतात. दचकल्यावर जी धडधड होते ती त्याचीच.

दुसरं पाणी कोयनेचं. तिकडे पाटणला पाऊस, धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी, मग मधल्या गावांवरून खाली येणारं पाणी. ते उशिरा पोचतं, पण आलं की मुक्कामाला येतं. कॉर्टिसॉल हे रसायन या जातीचं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा भाग आदेश देतो, त्याखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी तो रक्तातून पुढे पाठवते, आणि मग त्याच ॲड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. धक्का बसल्यापासून वीस-तीस मिनिटांत त्याची पातळी माथ्यावर जाते.

कॉर्टिसॉल काही विष नाही. ते रोज लागतं. पहाटे वाढायला लागतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त होतं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी अंथरूण सोडायचं बळ त्यातून येतं. संकटात ते यकृताला साखर मोकळी करायला लावतं, सूज आवरतं, आणि जे काम थांबलं तरी चालेल ते थांबवतं. पळायचं असेल तर हे सगळं उत्तम. काकू मात्र पळत नसतात. रात्री दोन वाजता पलंगावर बसून त्या मोबाईलवर आकडा बघत असतात. पायांसाठी सोडलेली साखर रक्तातच राहते, आणि जी वेळ कॉर्टिसॉलच्या ओहोटीची, त्याच वेळी त्याला भरती येते.

गेजवरचा माणूस थकतो तेव्हा

धरणाचे दरवाजे उघडणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच वेळेवर बंद करणं. खालच्या पुलावर पाणी किती झालं ते कुणीतरी वाचून वर कळवावं लागतं. मेंदूत या कामात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. हा आठवणी साठवायला मदत करणारा भाग. १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युअन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ताणाच्या वेळी सुटणारं हे रसायन मेंदूत शिरतं आणि नेमकं हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की मेंदू हुकूम सोडतो आणि ग्रंथी पाळतात, बस्स. मेंदूही त्या पाण्यात भिजतो, हे तेव्हा कळलं.

पातळी पुरेशी झाली की हिप्पोकॅम्पस वर निरोप धाडतो, 'आता थांबा'. विसर्ग कमी होतो, तास-दीड तासात सगळं पूर्ववत. पण ताण आठवडे, महिने चालला तर त्याच पाण्यात सतत उभं राहून हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. गेजवरचाच माणूस थकला की निरोप उशिरा जातो किंवा जातच नाही, आणि दरवाजे उघडे राहतात. ताणामुळे ताण आवरण्याची ताकद कमी होते, हे या विषयातलं सर्वांत वाईट चक्र आहे असं मला वाटतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत याच काळात आणखी दोन बदल दिसतात. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो विचार करतो, थोपवतो, दोन पर्याय तोलतो, त्याच्याही फांद्या आखडतात. अमिग्डालात मात्र त्या वाढतात. म्हणजे विवेक अशक्त होतो आणि राखणदार आणखी आक्रमक. पुरानंतर कित्येक महिने घराघरांत क्षुल्लक कारणावरून भांडणं होत होती, किल्ल्या हरवत होत्या, गॅस बंद केला की नाही ते आठवत नव्हतं. तेव्हा आम्ही त्याला स्वभाव म्हणालो. मला आता तसं म्हणवत नाही.

उभ्या पाण्यातला ऊस

पुरात ऊस कधी मरतो, हे नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. दोन दिवस बुडखा पाण्यात राहिला तर ऊस सावरतो. शेंडा बुडाला, त्यात गाळ बसला आणि आठवडा गेला की तो कुजतो. पाणी किती फूट चढलं यापेक्षा ते किती दिवस उभं राहिलं, यावर नुकसान ठरतं.

शरीराचंही तेच. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवर एक गोष्ट टिपली. थंडी, जखम, विष, अतिश्रम, असा त्रास वेगवेगळा दिला तरी ॲड्रेनल ग्रंथी सुजणं, प्रतिकारशक्तीचे अवयव आक्रसणं आणि पोटात व्रण पडणं हे तिन्ही परिणाम सारखेच दिसले. पुढे मॅक्युअन आणि त्यांचे सहकारी एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साठत जाणाऱ्या झिजेला नाव दिलं, ॲलोस्टॅटिक लोड. आपण त्याला साचलेलं ओझं म्हणू. संकटाशी जुळवून घ्यायची किंमत शरीर रोज थोडी थोडी मोजतं आणि ती बाकी राहते.

बाकी कुठं कुठं राहते? रक्तवाहिन्या सतत दाबाखाली राहिल्यानं आतून झिजतात. मोकळी केलेली साखर वापरली न गेल्यानं इन्शुलिनचं काम अवघड होतं, आणि चरबी पोटाभोवती जमते. पुनरुत्पादन हे शरीराच्या लेखी 'नंतर बघू' असं काम, म्हणून अनेक बायकांची पाळी पुढेमागे होते. पुराच्या वर्षी शिबिरात राहिलेल्या कितीजणींनी ही तक्रार मनातच ठेवली असेल.

प्रतिकारशक्तीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण 'ताणानं सर्दी होते' हे ऐकून लोक हसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९४ निरोगी माणसांचा ताण आधी मोजला, मग त्यांच्या संमतीनं नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवलं. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. विषाणू तेच होते.

दुसरा अभ्यास मला जास्त भिडला. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये १३ बायका निवडल्या, ज्या घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करत होत्या, आणि तेवढ्याच वयाच्या इतर १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. इतर बायकांना सुमारे ३९ दिवस, सेवा करणाऱ्यांना सुमारे ४९. त्या बायकांनी 'मी ठीक आहे' असं म्हटलं असतं तरी त्यांच्या हातावरची जखम वेगळं सांगत होती. अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचं वर्षानुवर्षं करणाऱ्या आपल्याकडच्या सुना आठवा. त्यांच्या थकव्याला आपण किती सहज कुरकुर म्हणतो.

मग सगळे आजार ताणाचेच म्हणायचे का?

नाही, आणि इथं सावध राहायला हवं. पोटातल्या व्रणाचं उदाहरण घ्या. कित्येक वर्षं तो ताणाचाच आजार मानला गेला. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. २००५ चं नोबेल त्यांना मिळालं. आज अशा व्रणावर अँटिबायोटिक देतात. ताण जमीन भुसभुशीत करतो, पण बी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं असतं.

म्हणून छातीत दुखलं, धाप लागली, हात जड झाला, तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून घरी पडून राहू नका. आधी दवाखाना. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव हाकेच्या अंतरावर असताना केवळ या एका वाक्यापायी उशीर होतो, हे मी जवळून पाहिलंय.

ताण नकोच का मग?

आटपाडी-जतकडच्या डाळिंबवाल्यांकडे याचं उत्तर आहे. बहर धरायच्या आधी ते बागेला ताण देतात. महिना-दीड महिना पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड वरची वाढ थांबवून अन्न साठवतं. मग ठरल्या दिवशी छाटणी करून, खत घालून, हलकं पाणी देऊन ताण तोडतात, आणि झाड फुलांनी भरतं. ताण दिलाच नाही तर बहर धड येत नाही. पण तो वेळेवर तोडला नाही तर फांद्या वाळतात, बाग कायमची मागे पडते. ताण देणारा प्रत्येक बागायतदार तो तोडायचा दिवस आधी ठरवतो.

माणसाच्या बाबतीत परीक्षेच्या आदल्या रात्रीचा, पहिल्या भाषणाचा, कबड्डीच्या चढाईचा ताण असाच. तो लक्ष एकवटतो, आठवण पक्की करतो, थोड्या काळासाठी प्रतिकारशक्तीही सज्ज ठेवतो. संध्याकाळी तो तुटतो. ज्याचा शेवट दिसत नाही असा ताण वेगळा. तासगावच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत चार-पाच महिने आभाळाकडे नजर असते. एक अवकाळी, आणि डाऊनी हा बुरशीचा रोग पसरला की वर्ष गेलं. त्यात सोसायटीचं कर्ज. हा ताण कोण, कधी तोडणार?

आजोबांच्या वेळी कुठं होता बीपी?

होता. मोजत कुणी नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांना ताण नव्हता असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. फरक एवढाच की ताणानं रक्तात सोडलेली साखर अंगमेहनतीत खर्ची पडत होती, आणि रात्री दोन वाजता खिशात नवा आकडा येत नव्हता.

दीर्घ श्वासानं कर्ज फिटतं का?

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. ताणावर बोलणारे बरेचजण थेट प्राणायामावर येतात, आणि ऐकणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं, माझी अडचण यांना कळलीच नाही.

लंडनमध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास १९६७ पासून सुरू झाला, व्हाइटहॉल अभ्यास. समज असा की हृदयविकार साहेबांचा आजार. निघालं उलटं. सर्वांत खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट होतं. सिगारेट, बीपी वगैरेचा हिशेब वजा केला तरी मोठा फरक उरला. मायकेल मार्मॉट आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या कामातून एक धागा पुढे आला, आपल्या कामावर आपलं किती चालतं, हा.

त्याच सुमारास जे वाइस नावाचे संशोधक उंदरांवर प्रयोग करत होते. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे झटके. एकाला झटक्याआधी आवाज ऐकवायचे, दुसऱ्याला नाही. सूचना मिळणाऱ्या उंदराच्या पोटात व्रण खूपच कमी पडले. दुखणं तेवढंच होतं. कधी येणार आणि कधी येणार नाही, एवढं त्याला कळत होतं.

तेव्हा खरं उत्तर असं. श्वासानं कर्ज फिटत नाही. वेळेवर मिळालेली विमा भरपाई, नेमकी पूरसूचना, थकलेल्या सुनेला आठवड्यातून एक मोकळी दुपार, हेसुद्धा हृदयाचे आणि मेंदूचे उपचार आहेत, आणि ते एकट्या माणसाच्या हातात नाहीत. श्वास मात्र हातात आहे. श्वास सावकाश सोडला की मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस हा मज्जातंतू ठोके कमी करतो; आदेश न ऐकणाऱ्या यंत्रणेत आपल्याला मिळालेली ती एक खुंटी आहे. चालणं रक्तातली साखर तिच्या मूळ कामाला लावतं. झोप ओहोटीची वेळ परत मिळवून देते. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर १४४१६ हा टेलि मानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू आणि फुकट आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

गेलेलं परत येतं का?

बरंचसं येतं. न्यूयॉर्कमध्ये २००९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात मोठ्या परीक्षेच्या महिनाभराच्या ताणानंतर त्यांचं लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नीट वळत नव्हतं, आणि मेंदूच्या चित्रात कपाळामागच्या भागाचे दुवे सैल दिसले. ताण संपून एक महिना गेल्यावर दोन्ही पूर्ववत. २०११ मध्ये १२० वयस्कर माणसांवरच्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. त्या वयात तो एरवी दरवर्षी थोडा आक्रसतोच.

काकूंना मी हे सगळं दोन-तीन संध्याकाळी मिळून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गोळ्या चालू ठेवल्या, आणि यंदा मे महिन्यातच भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून काढलं: ३५ ला कागदपत्रं आणि गाद्या माळ्यावर, ४० ला सासूबाई मिरजेला लेकीकडे, ४५ ला कुलूप. आकडा बघायचं काम मुलाकडे दिलं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. रात्री दहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात.

परवा गल्लीत भेटल्या. पाऊस होता, आणि मी सवयीनं विचारलं, "काकू, आयर्विनला किती?"

"संध्याकाळी सहाला कळंल," त्या म्हणाल्या, "आत्ता मला दळण आणायचंय."